माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ

उद्योगसंस्था, व्यापारी पेढी किंवा सेवा पुरविणारी संस्था आपल्या कार्याचा परिचय करून देण्यासाठी जी सचित्र पुस्तिका अथवा घडीपत्रक छापते, त्यास माहितीपत्रक म्हणतात. त्याचे पहिले, दर्शनी पान म्हणजे मुखपृष्ठ होय. संस्थेचे नाव, बोधचिन्ह, एखादे चित्र वा छायाचित्र आणि कार्याचे एका ओळीतील निवेदन एवढे मोजके घटक त्यावर असतात. एकाच प्रकारचा माल एकाच प्रकारच्या ग्राहकास विकणाऱ्या संस्थेचे मुखपृष्ठ योजणे तुलनेने सोपे असते. मालाचे चित्र तेथे पुरेसे ठरते. तथापि जी संस्था एकाच वेळी अनेक उद्योगांना माल वा सेवा पुरविते, तिच्या मुखपृष्ठावर नेमके काय दाखवावे, हा उपयोजित कलेतील एक अवघड प्रश्न आहे. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने त्याचाच विचार केला आहे.

स्वरूप व कार्य : पुस्तकाचे वेष्टन, भित्तिपत्रक आणि माहितीपत्रकाचे मुखपृष्ठ यांची कार्ये भिन्न आहेत. पुस्तकाचे वेष्टन वाचकाच्या मनात आशयाविषयी कुतूहल निर्माण करते. भित्तिपत्रक रस्त्याने जाणाऱ्याला दुरून दिसावे लागते. माहितीपत्रक मात्र हातात घेऊन पाहिले जाते आणि ते पाहणारा बहुधा खरेदी अधिकारी, अभियंता, संस्थाचालक किंवा प्रदर्शनास आलेला व्यावसायिक असतो. त्याच्या मेजावर तशीच अनेक पत्रके पडलेली असतात. ही संस्था कोणती, ती कोणते काम करते आणि ते काम आपल्या उपयोगाचे आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे तो मुखपृष्ठावर शोधतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी वाटले, तर आतील पाने उघडलीच जात नाहीत. म्हणून मुखपृष्ठ हे केवळ सजावटीचे पान नसून ग्राहकाची निवड करणारे, आणि प्रसंगी त्याला परत पाठविणारे, दार असते.

ऐतिहासिक आढावा : मराठी मुलखात सचित्र व्यापारी छपाईची वाट शिळाछापाने मोकळी केली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा शिळाछापखान्यामुळे रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. कापडाच्या गठ्ठ्यांवर चिकटविण्यात येणारी देवदेवतांची रंगीत तिकिटे हा व्यापारी मुखचित्राचा एक पूर्वज म्हणता येईल. अक्षरे न वाचणारा ग्राहकही चित्रावरून माल ओळखत असे. यंत्रे व अवजारे विकणाऱ्या पेढ्यांची मूल्यपत्रके मात्र दीर्घकाळ केवळ अक्षरजुळणी आणि यंत्राचा एखादा ठसा यांवर भागत असत.

महाराष्ट्रात उद्योग, चित्रकला आणि छपाई यांचा सांधा प्रथम जाणीवपूर्वक जुळविला गेला, तो किर्लोस्करवाडी येथे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडीचा कारखाना वसविला. लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक व पंप हा माल तेथे तयार होई. त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे आले. कारखान्याचा माल व त्याचा वापर यांची माहिती देण्यासाठी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर हे पत्र निघाले आणि पुढे त्याचेच किर्लोस्कर हे सर्वसामान्य वाचकांसाठीचे मासिक झाले. ग्राहकाच्या जीवनाशी संबंध जोडल्याखेरीज मालाची माहिती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ही जाण या प्रवासातून दिसते.

पुढे किर्लोस्कर समूहाचा विस्तार तेल एंजिने, विद्युत् यंत्रे, वायुदाब यंत्रे अशा भिन्न क्षेत्रांत झाला आणि त्यांसाठी स्वतंत्र कंपन्या निघाल्या. परंतु सर्वांना जोडणारे नाव एकच राहिले. गोदरेज या मुंबईच्या उद्योगसमूहाचेही तसेच आहे. १८९७ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगाने कुलुपे, तिजोऱ्या, साबण, कपाटे व टंकलेखनयंत्रे असा परस्परांशी संबंध नसलेला माल एकाच नावाखाली विकला. अशा संस्थांच्या मुखपृष्ठावर नाव ठळक छापले तरी पुष्कळसे काम होते, कारण ते नाव लोकांना आधीच ठाऊक असते. नवी किंवा लहान संस्था मात्र या मार्गाने जाऊ शकत नाही.

व्यापारी चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या वाणिज्य कला विभागामुळे मिळू लागले. १९६१ मध्ये या विभागाची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. प्रतिरूप मुद्रण, म्हणजे ऑफसेट छपाई, सर्वत्र पसरल्यानंतर आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावर मांडणी होऊ लागल्यानंतर रंगीत माहितीपत्रक तालुक्याच्या गावातील उद्योजकाच्याही आवाक्यात आले. साधन सुलभ झाले. परंतु मुखपृष्ठावर काय असावे, हा निर्णय त्यामुळे सोपा झाला नाही.

बहुउद्योगसेवी संस्थेचा प्रश्न : या प्रश्नाचे स्वरूप एका भूप्रदेशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका आहे. ज्वारी, बाजरी, कांदा आणि दुग्धव्यवसाय यांवर तेथील ग्रामीण अर्थव्यवहार मुख्यतः चालतो. याच तालुक्यात नगर–पुणे महामार्गावर सुपे येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (स्थापना १९६२) औद्योगिक वसाहत आहे. त्याच रस्त्यावर एका बाजूस नगरची औद्योगिक वसाहत, तर दुसऱ्या बाजूस पुणे जिल्ह्यातील रांजणगावची वसाहत आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरा व गोदावरी यांच्या खोऱ्यांत सहकारी साखर कारखाने असून त्यांपैकी प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला.

अशा ठिकाणच्या लहान कर्मशाळेला एकाच उद्योगावर विसंबून राहणे परवडत नाही. साखर कारखान्यांचे दुरुस्तीचे काम गाळप हंगाम संपल्यावर निघते आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी पुरे करावे लागते. दुधाची आवक पुष्टकाळात वाढते व उन्हाळ्यात घटते, त्याप्रमाणे दूधसंघांची यंत्रखरेदीही वरखाली होते. वाहनउद्योगातील मंदी त्यास सुटे भाग पुरविणाऱ्यांपर्यंत लगेच पोहोचते. एका उद्योगाचे काम थांबले असता दुसऱ्याच्या कामावर कामगारांचे वेतन निघावे, यासाठी कर्मशाळा अनेक उद्योगांची कामे घेते. म्हणजे अनेक उद्योगांना सेवा देणे हा तिच्या दृष्टीने तगून राहण्याचा उपाय असतो. मुखपृष्ठाने तिला एकाच उद्योगाच्या चौकटीत बसविले, तर हा उपायच निकामी होतो.

नमुन्यादाखल स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे काम करणारी एक कर्मशाळा कल्पिता येईल. ती दूधसंघासाठी शीतकरणाच्या टाक्या, साखर कारखान्यासाठी रसाच्या टाक्या व नळ्या, वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यासाठी रंगकामापूर्वी भाग धुण्याच्या टाक्या आणि कांदा निर्जलीकरणाच्या उद्योगासाठी धुलाईची पात्रे तयार करते. मुखपृष्ठावर केवळ दुधाची टाकी दाखविली, तर वाहनउद्योगातील अधिकारी हे पत्रक आपल्यासाठी नाही असे समजून बाजूस ठेवील. चारही वस्तूंची लहान लहान चित्रे दाटीने छापली, तर कोणतेच चित्र लक्षात राहत नाही. शिवाय सर्व काही करणारा कोणत्याच कामात निष्णात नसावा, असा ग्रह होतो.

सोडवणुकीच्या पद्धती : या प्रश्नाची सोडवणूक सामान्यतः पाच प्रकारे केली जाते. (१) चित्रजाल पद्धती : पानाचे समान चौकोन करून प्रत्येकात एकेका उद्योगाचे चित्र देतात. उद्योगांची संख्या तीन-चारपेक्षा अधिक झाली की ही रचना विस्कळीत होते. नवा उद्योग जोडला अथवा जुना सुटला, तर मुखपृष्ठ कालबाह्य ठरते. (२) प्रतीक पद्धती : दातेरी चाक, पृथ्वीचा गोल, हस्तांदोलन, आकाशात झेपावणारा बाण अशी सर्वपरिचित चिन्हे वापरतात. ती कोणालाही वगळत नाहीत, परंतु कोणाविषयी काही सांगतही नाहीत. नाव बदलून तेच पान कोणत्याही संस्थेला चालू शकते. (३) नामप्रधान पद्धती : रिकाम्या पृष्ठभूमीवर नाव व बोधचिन्ह एवढेच छापतात. नामांकित संस्थांना ती शोभते. (४) समान सूत्र पद्धती : सर्व उद्योगांसाठी केल्या जाणाऱ्या कामांत जे एक कौशल्य, द्रव्य किंवा गुण समान आहे, त्याचेच मोठे चित्र देतात. (५) पाकीट पद्धती : मुखपृष्ठ सर्वांसाठी एक ठेवून आतील खिशात उद्योगवार सुटी पत्रके घालतात, ज्याला जे हवे, तेवढेच त्याच्या हाती पडते. लहान संस्थेसाठी चौथी व पाचवी या पद्धती एकत्र योजणे बहुधा अधिक उपयुक्त ठरते.

समान सूत्र शोधण्यासाठी कल्पनाशक्तीपेक्षा संस्थेची मागणीवही अधिक उपयोगी पडते. मागील दोन-तीन वर्षांत पुरी केलेली कामे घेऊन प्रत्येक कामापुढे उद्योग, वस्तू, द्रव्य, क्रिया व ग्राहकाने घातलेली अट असे रकाने भरावेत. उद्योग आणि वस्तू यांच्या रकान्यांतील नोंदी भिन्न असतात. परंतु पुढील एखाद्या रकान्यात तीच नोंद वारंवार आलेली आढळते. वरील कर्मशाळेच्या बाबतीत दूध, उसाचा रस, धुण्याचे द्रावण व पाणी हे पदार्थ वेगळे असले, तरी टाकी गळता कामा नये ही अट सर्वत्र एकच आहे. तेव्हा पातळ पत्र्यावरील वेल्डिंगच्या एका स्वच्छ सांध्याचे मोठे छायाचित्र, त्याखाली ‘स्टेनलेस स्टीलचे गळतीरहित काम’ हे निवेदन आणि तळाशी लहान अक्षरांत चार उद्योगांची नावे, एवढ्यावर मुखपृष्ठ सिद्ध होते. दूधसंघाचा चालक आणि कारखान्याचा अभियंता या दोघांनाही त्यात आपली गरज ओळखता येते. पाचवा उद्योग पुढे आल्यास छायाचित्र बदलावे लागत नाही.

रकान्यांमध्ये समान नोंद आढळली नाही, तर ती गोष्टही महत्त्वाची असते. अशा वेळी संस्था वस्तुतः दोन वेगळे व्यवसाय चालवीत असते आणि त्यांसाठी दोन माहितीपत्रके काढणे हेच योग्य ठरते. नसलेली एकता मुखपृष्ठाने निर्माण करता येत नाही.

रचनेचे घटक : मुखपृष्ठावर एक घटक प्रधान व इतर गौण असावे लागतात. नाव, चित्र व निवेदन सारख्याच आकारात आले, तर दृष्टी कोठेच स्थिरावत नाही. चित्राभोवतीची मोकळी जागा ही वाया गेलेली जागा नसून प्रधान घटक उठून दिसावा यासाठी केलेली तरतूद असते.

निवेदनाच्या ओळीत क्रिया वा गुण यांचा नेमका उल्लेख असावा. ‘गुणवत्ता व विश्वास’, ‘सर्वांगीण सेवा’ यांसारखे शब्द कोणतीही संस्था वापरू शकत असल्याने त्यांतून माहिती मिळत नाही.

रंगांना व्यवसायांचे संकेत चिकटलेले असतात. हिरवा रंग शेतीशी, फिकट निळा पाणी व दूध यांच्याशी, तर करडा रंग यंत्रांशी सहज जोडला जातो. अनेक उद्योगांना सेवा देणाऱ्या संस्थेने मुखपृष्ठासाठी तटस्थ पृष्ठभूमी व आपला एक ओळखीचा रंग निवडावा आणि उद्योगवार रंग आतील पत्रकांसाठी राखून ठेवावेत.

देवनागरी अक्षरांच्या मांडणीत काही विशेष काळजी घ्यावी लागते. रोमन मोठ्या अक्षरांमध्ये अंतर वाढवून शीर्षक रुंद करता येते. देवनागरीत तसे केल्यास शिरोरेषा तुटते व शब्द विखुरतो. मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार व ऋकार अक्षराच्या खाली येत असल्याने दोन ओळींत रोमनपेक्षा अधिक अंतर सोडावे लागते. दोन लिप्या शेजारी आल्यास संगणकावरील आकडा सारखा ठेवून भागत नाही. दोहोंचा दृश्य आकार व जाडी नजरेने जुळवावी लागते. या विषयाच्या अभ्यासाला र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या अक्षरकलेतील कार्याने मोठी चालना मिळाली. संगणकावर सर्वत्र वापरला गेलेला मंगल हा देवनागरी टंक त्यांच्याच अभिकल्पाचा होय. मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतील ग्राहक असल्यास एकाच पानावर दोन्ही मजकुरांची दाटी करण्याऐवजी एका बाजूने मराठी व उलट बाजूने इंग्रजी मुखपृष्ठ योजता येते.

छायाचित्र शक्यतो संस्थेच्या स्वतःच्या कामाचे असावे. संगणकजालावरील चित्रसंग्रहातून विकत घेतलेले परदेशी कारखान्याचे चित्र आकर्षक असले, तरी प्रत्यक्ष भेटीस आलेल्या ग्राहकाला तेथील शेड वेगळी दिसते आणि पहिल्याच भेटीत विश्वास उणावतो.

तांत्रिक बाजू : माहितीपत्रकासाठी २१० × २९७ मिमी. हा ए-४ आकार रूढ आहे. या मालिकेतील कागदाच्या बाजूंचे गुणोत्तर १ : √२ असल्याने मधोमध घडी घातली असता तेच गुणोत्तर कायम राहते. मधोमध तारशिलाई केलेल्या पुस्तिकेची पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. आतील पानांसाठी दर चौ. मी.स १३० ते १७० ग्रॅ. आणि मुखपृष्ठासाठी २५० ते ३०० ग्रॅ. वजनाचा कागद सामान्यतः वापरतात. जाड कागदावर घडीपूर्वी दाबरेषा पाडली नाही, तर घडीवरील शाईला तडे जातात. म्हणून घडीवर गडद रंग टाळणे इष्ट असते.

बहुरंगी छपाई निळा, किरमिजी, पिवळा व काळा या चार शायांनी होते. संगणकाच्या पडद्यावरील रंग प्रकाशाचे असल्याने ते कागदावर हुबेहूब उतरत नाहीत. यासाठी नमुनाप्रत पाहूनच छपाईला संमती द्यावी. छायाचित्राची सूक्ष्मता छपाईच्या आकारात दर इंचास सुमारे ३०० बिंदू असावी आणि कडेपर्यंत जाणारे चित्र कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी. बाहेर वाढवावे. ऑफसेट छपाईत पट्ट्या तयार करण्याचा खर्च ठराविक असल्याने प्रतींची संख्या वाढते तसा दर प्रतीचा खर्च उतरतो. त्यामुळे एकदम हजारो प्रती काढण्याचा मोह होतो. परंतु यंत्रसामग्री, दूरध्वनी क्रमांक वा पत्ता बदलला की उरलेल्या प्रती रद्दीत जातात. टिकाऊ मजकूर मुखपृष्ठावर व बदलता मजकूर सुट्या पत्रकांवर ठेवणे हा यावरील उपाय होय.

आता बरीच माहितीपत्रके भ्रमणध्वनीवर पाहिली जातात. २१० मिमी. रुंदीचे पान सुमारे ७० मिमी. रुंदीच्या पडद्यावर एकतृतीयांश होते व ६ मिमी. उंचीचे अक्षर २ मिमी.वर येते. म्हणून मुखपृष्ठाची एक प्रत मूळ आकारात व दुसरी एकतृतीयांश आकारात छापून दोन्ही वाचता येतात की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

कायदेशीर मर्यादा : बोधचिन्हाची नोंदणी व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये होते. नोंदणीसाठी माल व सेवा यांचे ४५ वर्ग केलेले आहेत. अनेक उद्योगांत काम करणाऱ्या संस्थेला एकाहून अधिक वर्गांत नोंदणी करावी लागणे शक्य असते. भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह विशिष्ट वस्तूसाठी दिले जाते. एका वस्तूसाठी मिळालेले चिन्ह सर्व मालाला लागू असल्याचा भास होईल अशा रीतीने ते मुखपृष्ठावर छापणे गैर आहे. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० अन्वये राष्ट्रीय चिन्हे, तसेच छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आदींची नावे व चित्रे व्यापारी कारणांसाठी अनुमतीवाचून वापरता येत नाहीत. छायाचित्रे व मांडणी यांचे हक्क कोणाकडे राहतील, हे चित्रकाराशी लेखी करार करून आधीच ठरवावे. ग्राहक कंपन्यांची बोधचिन्हे मुखपृष्ठावर छापण्यापूर्वी त्यांची संमती घेणेही तितकेच आवश्यक असते.

मूल्यमापन : मुखपृष्ठ छपाईस देण्यापूर्वी ते संस्थेशी अपरिचित असलेल्या, परंतु भिन्न उद्योगांतील दोन-तीन व्यक्तींना क्षणभर दाखवून ही संस्था काय करते, असे विचारावे. सर्वांची उत्तरे जवळपास सारखी आली आणि प्रत्येकाला ती सेवा आपल्या कामाची वाटली, तर अभिकल्प सफल झाला असे समजावे. उत्तरे भिन्न आल्यास दोष बहुधा रंगात वा अक्षरांत नसून समान सूत्र निश्चित न झाल्याचा असतो.

मुखपृष्ठाने ग्राहक एकदा आत येतो. पुढचे काम माल आणि वेळेवर दिलेला शब्द यांनीच होते. तथापि आडमार्गावरील वसाहतीत उत्तम काम करणाऱ्या, परंतु नाव नसलेल्या संस्थेला ती पहिली संधी मिळणे हेच कठीण असते. आपण कोणकोणासाठी काम करतो याची यादी देण्याऐवजी आपल्याला नेमके कोणते काम उत्तम येते हे सांगणारे मुखपृष्ठ तिला ती संधी मिळवून देण्यास साहाय्यभूत होते.